ओकच्या पिंपात मुरलेली व्हाइट वाइन: किती थंड, कुठल्या ग्लासात, कशाबरोबर

ओक झाडाच्या लाकडी पिंपात मुरलेल्या व्हाइट वाइनची चव बहुतेक वेळा फ्रीजच मारतो. ४-५ अंश सेल्सिअसला तिचा वास मिटून जातो आणि जिभेवर उरतो तो लाकडाचा तुरटपणा. ही वाइन ११ ते १३ अंशांवर प्यावी. त्यासाठी बाटली फ्रीजमधून अर्धा तास आधी काढा. खोली गरम असेल तर वीस मिनिटं पुरतात. बाटली बाहेरच असेल तर निम्मा बर्फ, निम्मं पाणी भरलेल्या बादलीत साधारण १५ मिनिटं ठेवा. नुसत्या बर्फाने वेळ लागतो, कारण बाटलीला सगळीकडून भिडतं ते पाणी. १५ अंशांच्या वर मात्र अल्कोहोल नाकात चढू लागतं.

ग्लास मोठ्या पोटाचा घ्या आणि एक तृतीयांशच भरा. आधी न हलवता वास घ्या, मग गोल फिरवून पुन्हा घ्या.

आता कुठला वास कशाचा, ते ओळखायचं. व्हॅनिला, लवंग, भाजलेला पाव, धूर हे पिंपाचं देणं. पिंप बनवताना ते आतून आगीवर शेकतात. अमेरिकन ओकमध्ये नारळ आणि व्हॅनिला ठळक असतात, फ्रेंच ओक सहसा संयमी असतो. लोण्याचा वास मात्र लाकडाचा नाही, आणि इथेच अनेकजण फसतात. तीक्ष्ण मॅलिक आम्लाचं मवाळ लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू डायअसिटिल तयार करतात, तो वास त्याचा. तोंडातला सायीसारखा मऊपणा येतो तळाशी बसलेल्या मृत यीस्टमुळे. काही ठिकाणी तो गाळ अधूनमधून ढवळतातही. फ्रान्सच्या बर्गंडी भागात वापरतात त्या २२८ लिटरच्या पिंपाचा स्वाद पहिल्या वापरात सर्वाधिक उतरतो. तीन-चार वेळा वापरलेलं पिंप चव फारशी देत नाही, लाकडातून थोडी हवा तेवढी आत सोडतं. पिंपातच आंबवलेल्या वाइनमध्ये लाकूड जास्त मिसळून गेलेलं लागतं, कारण यीस्ट व्हॅनिलाच्या वासाचा काही भाग सौम्य करून टाकतं.

ग्लासमध्ये दहा मिनिटं ठेवूनही सफरचंद, लिंबू, पीच असं कुठलंच फळ वर येत नसेल, तर लाकूड जास्त झालंय. वाइन कोवळी, म्हणजे अलीकडची असेल तर डिकँटरमध्ये, म्हणजे हवा लागावी म्हणून वाइन ओततात त्या काचेच्या भांड्यात, २०-३० मिनिटं ठेवून पाहा. मुळात फळच कमी असेल तर हवेने काही होत नाही.

काडेपेटीच्या विझलेल्या काडीचा हलका वास दोष मानू नका. तो बऱ्याचदा फिरवल्यावर विरतो, आणि काहींना तो आवडतोही. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बूच बाधलेलं, ते सुधारत नाही. रंग तपकिरीकडे झुकलेला आणि वास काळवंडलेल्या सफरचंदाचा असेल तर वाइनला हवा लागली आहे. नुसता सोनेरी रंग मात्र घाबरण्यासारखा नाही, पिंपातल्या वाइनला तो येतोच.

सोबत लोणी, क्रीम, मश्रूम, भाजलेली कोंबडी, लॉबस्टर. तिखट पदार्थाने अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही भडकतात, म्हणून ते टाळा. व्हिनेगरच्या सॅलडपुढे ही वाइन पचपचीत लागते.

उरलेली वाइन छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून घट्ट बंद करा आणि फ्रीजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवा.