फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर… कुठे थांबायचं?

रात्री अडीचला फोन वाजला की फोल्डरांमागून फोल्डर उतरत जाणारी आमची बॅकअपची स्क्रिप्ट मेली, हे मला न उचलताच कळायचं. टर्मिनलवर एकच शब्द: 'किल्ड'. सर्व्हरची रॅम 2 जीबी, त्यातली जवळजवळ सगळी आमच्या पायथॉन स्क्रिप्टने खाल्लेली, मग लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलनेच, तिला संपवलं.

चोर निघाल्या एका फोल्डरातल्या दोन सिमलिंका, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या खुणा. दोन्ही त्याच फोल्डरकडे परत नेणाऱ्या. एकच असती तर 40 लिंकांनंतर लिनक्सने पाथ उघडायला नकार दिला असता आणि विषय संपला असता. पण दोन असल्या की प्रत्येक पायरीला वाटा दुप्पट. 2 चा 40 वा घात म्हणजे एक लाख कोटींच्या वर. आणि मी शहाणी, प्रत्येक पाथ लिस्टमध्ये भरत होते.

म्हणून आधी ओएस-वॉक या पायथॉनच्या फोल्डर फिरणाऱ्या फंक्शनमधलं फॉलोलिंक्स, म्हणजे लिंकांमागे जाण्याचा पर्याय, बंद ठेवा. ते मुळात बंदच असतं. मी हौसेने चालू केलं होतं. लिंकांमागे जायचंच असेल तर पाहिलेल्या फोल्डरांचे डिव्हाइस आणि आयनोड क्रमांक (दोन्ही मिळून फोल्डरची ओळख) सेटमध्ये ठेवा आणि तीच जोडी पुन्हा दिसली तर आत जाऊ नका. किती पातळ्या खाली उतरायचं, ही नुसती खोलीची मर्यादा इथे पुरत नाही. ती 32 ठेवली तरी 2 चा 32 वा घात चारशे कोटींच्या वर जातो.

आता खोली. ओएस-वॉक वापरत असाल तर मर्यादा आली की डिर्सची, म्हणजे आतल्या फोल्डरांची, यादी जागच्या जागी रिकामी करा, क्लिअर म्हणा. डिर्सला नवी रिकामी लिस्ट दिलीत तर फक्त तुमचं नाव दुसरीकडे वळतं, वॉक खुशाल खाली उतरत राहतो. यात माझी अख्खी दुपार गेली.

स्वतःचं फंक्शन लिहिलंत तर रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं, नको. पायथॉन साधारण 1000 कॉलना थांबतो, आणि तो आकडा वाढवणं म्हणजे तेच दुखणं पुढे ढकलणं. साधा स्टॅक, म्हणजे शेवटी टाकलेलं आधी काढायची यादी, घ्या, त्यात पाथ आणि खोली अशी जोडी ठेवा. मूळ फोल्डरची खोली 0, त्याच्या आतल्या फोल्डराची, म्हणजे पोराची, एकने जास्त. तपासणी स्टॅकमध्ये टाकण्यापूर्वी करा. काढताना केलीत तर शेवटच्या पातळीवरची लाखभर पोरं आधीच आत येऊन बसलेली असतात.

आकडा मनाने ठरवू नका. फायली शोधणाऱ्या ग्नू फाइंड या कमांडच्या प्रिंटएफ पर्यायाला टक्का-डी (%d) दिलं की प्रत्येक फोल्डरची खोली छापून येते. सॉर्ट करून सर्वांत मोठी बघा. आमची 19 निघाली, मी 32 ठेवली.

मर्यादा लागली की गुपचूप पुढे जाऊ नका. बॅकअपमध्ये वगळलेला फोल्डर म्हणजे गेलेला फोल्डर. पाथ लॉगमध्ये लिहा आणि स्क्रिप्ट शून्याशिवाय दुसऱ्या एक्झिट कोडने संपवा, कारण शून्य म्हणजे सगळं ठीक.

चाचणीसाठी लूपमध्ये 'ए' नावाचा फोल्डर बनवा, त्यात शिरा, असं 1500 वेळा. पूर्ण पाथ एकदम बनवणाऱ्या पायथॉनच्या मेकडिर्सने एका दमात करू नका, ते स्वतःच रिकर्सिव्ह असल्याने तिथेच कोलमडतं. झाल्यावर बाहेर या आणि आरएम-आरएफ (rm -rf) या पुसणाऱ्या कमांडने तेवढा चाचणीचा फोल्डर झाडून टाका.