पझल क्वेस्टमध्ये सारखे हरताय? या चुका टाळा

पझल क्वेस्ट या रत्नं जुळवून लढायच्या व्हिडिओ गेममध्ये हार झाली की खापर समोर खेळणाऱ्या कॉम्प्युटरवर फुटतं. ‘त्याला हवी तीच रत्नं वरून पडतात, हा गेम चीटिंग करतो!’ २००७ साली गेम आला तेव्हापासूनची ही तक्रार, आणि तो घडवणारे स्टीव्ह फॉकनर यांनी ती फेटाळलेली आहे. नशिबाचा भाग आहेच, त्यावर पुढे बोलू. पण बहुतेक हारींचं कारण आपल्याच चालीत सापडतं.

गेमची गंमत त्याच्या मिश्रणात आहे. एकीकडे तीन सारखी रत्नं जुळवायचा टाइमपास, दुसरीकडे लेव्हल, स्पेल (जादूचे मंत्र), शस्त्रं आणि राक्षस असलेला रोल-प्लेइंग गेम. लाल, हिरवी, निळी, पिवळी रत्नं जुळवली की त्या रंगाचा ‘माना’ म्हणजे जादूची शक्ती मिळते आणि मानावर स्पेल चालतात. कवट्या जुळवल्या की शत्रूला थेट मार. एक डाव काही मिनिटांत संपतो, हरलात तरी डावात मिळवलेला अनुभव आणि सोनं हातात राहतं. म्हणून ‘अजून एकच’ म्हणता म्हणता रात्र सरते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फक्त स्वतःची जुळणी शोधणं. ८ बाय ८ चा बोर्ड दोघांचा एकच आहे. तुम्ही खालच्या ओळीतली तीन रत्नं उचलली की वरचं सगळं सरकतं आणि त्यातून तयार झालेल्या कवट्या शत्रूच्या पदरात पडतात. त्यामुळे जमेल तिथे बोर्डाच्या वरच्या भागात खेळा, उलथापालथ कमी होते. खाली हात घालायचा तो चार किंवा पाचची जुळणी दिसत असेल तरच, कारण तिथे जादा पाळी मिळते. चाल खेळण्याआधी ‘यानंतर समोरच्याला काय मिळेल?’ एवढं पाहायची सवय लावा. समोर चार कवट्यांची जुळणी तयार दिसत असेल, तर आपल्याला नको असली तरी ती मोडणं हीच चांगली चाल. लाल कडेच्या +५ कवट्यांच्या बाबतीत तर विचारही करू नका, घेऊन टाका. त्या जास्त मार देतात आणि फुटताना आजूबाजूची रत्नंही उडवतात.

दुसरी चूक माना साठवून ठेवण्याची. मोठ्या स्पेलसाठी थांबावं आणि नेमकी बोर्डवर एकही चाल उरू नये, असं होतं. तेव्हा बोर्ड नव्याने भरतो आणि दोघांचाही माना साफ जातो. बोर्ड अडकत चाललाय असं वाटलं की हाताशी असलेला स्पेल वापरून टाका.

लेव्हल वाढल्यावर गुण सगळीकडे थोडे थोडे वाटू नका. तुमच्या पात्राचे स्पेल ज्या रंगांवर चालतात, ते दोन रंग पक्के करा. योद्ध्याने कवट्यांचा मार वाढवावा. सगळ्यात थोडं थोडं असलेलं पात्र शेवटी कशातच चालत नाही.

लढाईखेरीज गेममध्ये राक्षस पकडण्याचं कोडंही असतं. त्यात अनेकजण लढाईच्या सवयीने खेळतात आणि अडकतात. तिथे वरून नवं काही पडत नाही, अख्खा बोर्ड रिकामा करायचा असतो. त्यामुळे मोह पाडणारी पहिली जुळणी बऱ्याचदा चुकीची निघते. शेवटी कोणती तीन उरायला हवीत हे ठरवून उलट मागे या. बिघडलं तर पुन्हा करता येतं.

आता ज्याला इलाज नाही ते. वरून पडणाऱ्या रत्नांची साखळी लागली की शत्रू एका पाळीत तुम्हाला झोपवू शकतो. असा डाव विसरून जा, त्यावरून डावपेच बदलू नका. कथा तर सरधोपटच आहे, संवाद वाचले नाहीत तरी फार काही बिघडत नाही. खरा कंटाळा येतो तो नकाशावर रस्ता अडवून बसणाऱ्या फुटकळ राक्षसांचा. तीच लढाई, तीच रत्नं, फक्त आकडे मोठे. छोट्या सत्रांसाठी बनवलेला गेम सलग चार तास रेटला की हा दोष दुप्पट जाणवतो. गेममध्ये मिळणारी कामं उरकायची असतील तर जवळजवळच्या गावांतली एकदम घ्या, म्हणजे त्याच रस्त्यावरून दहादा जावं लागणार नाही.