थंडीतले भटके एल्फ रचताय? आधी त्यांचे शेजारी ठरवा

कल्पित कथेसाठी एल्फ, म्हणजे परीकथांतली माणसासारखी दीर्घायुषी जमात, रचताना टोकदार कान, लिपी, नकाशा, शेकडो वर्षांचं आयुष्य हे सगळं तुम्ही करून बसला असाल, म्हणून त्यावर बोलत नाही. मला एवढंच सांगा, तुमच्या एल्फांना मीठ कोण देतं? त्यांच्या सुरीचं लोखंड कुठून येतं?

मी सगळ्यात जास्त काळ इथेच अडकून होते, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे. भटका समाज म्हटला की आपण तो एकटा कल्पतो. कुणाचं देणं नाही, घेणं नाही, मनात आलं की तंबू उचलला. असा समाज वहीत फार देखणा दिसतो आणि गोष्टीत उभाच राहत नाही. भांडायला कुणी नाही, दिलेला शब्द मोडायला कुणी नाही, मग सण कशाचा आणि कायदा कशासाठी? तुम्ही आणखी चार देव आणि दोन बोलीभाषा घालता. तरी काही होत नाही. मग वाटतं, आपल्यालाच जमत नाही. तसं नसतं. जमेल, फक्त समोर दुसरी माणसं आणा.

पुण्यात राहून हे शिकायला सायबेरियात जावं लागत नाही. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसकट फिरणारे तांडे, घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पावसाच्या तोंडावर देशावर परततात. घोड्यांवर बिऱ्हाड, त्यावर बांधलेल्या कोंबड्या आणि कोकरं, मुक्कामाला मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण. पण हा मुक्काम कुठे पडतो ते बघा. पीक निघालेल्या कुणाच्या तरी शेतात. शेतकऱ्याला लेंडीखत हवं असतं, धनगराला चराई आणि मेंढ्या बसवल्याबद्दल धान्य किंवा पैसे. ते कुणाच्याही रानात वाट्टेल तसे शिरत नाहीत, वाटा आणि गावं ओळखीची असतात. आणि जेजुरीला जा. गडावर खंडोबाशेजारी म्हाळसा, आणि अर्ध्या वाटेवर धनगराची बाणाई. गावाचं आणि रानाचं नातं देवाच्या संसारातच मांडलेलं आहे. गुंथर सोंथायमर यांच्यासारख्या जर्मन अभ्यासकाने आयुष्य खर्ची घालून धनगरांच्या ओव्या गोळा केल्या, त्या मिळतील तिथे वाचा. वाड्यावर जायचं तर आधी विचारून जा, बसा, ऐका. गाडीच्या काचेतून फोटो काढून काही कळत नाही.

थंडीबद्दल थोडक्यात. रेनडिअर, म्हणजे बर्फाळ प्रदेशात पाळली जाणारी हरणं, हिवाळ्यात बर्फ उकरून खालचं लायकेन खातात, म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचीच भावंडं. 2013च्या नोव्हेंबरात सायबेरियाच्या उत्तरेकडच्या यामाल द्वीपकल्पात बर्फावर पाऊस पडला, तो गोठून जमिनीवर कडक थर बसला आणि त्या हिवाळ्यात हजारो रेनडिअर उपाशी मेले. तेव्हा तुमच्या एल्फांना हिमवादळापेक्षा हिवाळ्यातल्या उबदार दिवसाची भीती वाटू दे. त्यांचे अपशकुन, शिव्या, लहान मुलांना घालायची भीती या सगळ्यात पाऊस येईल. एवढ्या एका गोष्टीतून निम्मी संस्कृती निघते.

आता कडक बोलते. नावं पाडून देणारी यंत्रं आणि 'संस्कृतीबद्दलचे शंभर प्रश्न' असले तक्ते वापरू नका. शंभर उत्तरं मिळतात आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. महागड्या कार्यशाळांबद्दलही माझं मत चांगलं नाही. त्यापेक्षा मेंढपाळी, शेती किंवा किराणा दुकान माहीत असलेला एखादा खडूस वाचक धरा, जो विचारेल, 'यांची चूल कशावर पेटते?' आणि जिवंत लोकांची पवित्र वस्तू सजावट म्हणून उचलू नका. उत्तर युरोपातल्या सामी लोकांचे पवित्र ढोल मिशनऱ्यांच्या काळात जप्त झाले, जाळले गेले. तो ढोल तुमच्या एल्फाच्या गळ्यात शोभेला अडकवायचा नसतो.

सुरुवातीला सगळं अपुरं वाटेल. वाटू दे. एक गाव घ्या, एक टोळी घ्या आणि त्यांच्यातला एकच करार लिहा. टोळीने दर हिवाळ्यात गावाच्या कुरणात उतरायचं, बदल्यात कातडी आणि वाहतुकीला जनावरं द्यायची, गावाने धान्य आणि मीठ द्यायचं. आता एल्फांचं लांबलचक आयुष्य इथे आणा. करार करणारी एल्फ बाई अजून जिवंत आहे, तिला तो शब्द परवा दिल्यासारखा आठवतो. गावाकडून शब्द देणाऱ्याचा खापरपणतू आज पाटील आहे, त्याने कुरणात बार्ली पेरलीय आणि असा काही करार होता हे त्याला पहिल्यांदाच कळतंय. ती बाई पाचशे रेनडिअर घेऊन बांधावर उभी आहे. या दोघांचं बोलणं लिहून काढा, नकाशा नंतर रंगवा.