गावाशेजारच्या आयुधनिर्माणीचा इतिहास लिहायला घेताना

चांदा, भंडारा आणि अंबाझरी. विदर्भातल्या या तीन आयुधनिर्माणी 1962 च्या चीन युद्धानंतरच्या काही वर्षांत सुरू झाल्या आणि आसपासच्या खेड्यांचं सगळं जगणं बदललं. पहिल्या भरतीतली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. मी भद्रावती तालुक्यातल्या शाळेत इतिहास शिकवते. आमच्या भागातल्या कुणीतरी हा इतिहास लिहावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून मी ज्या वाटेनं जाते ती इथे सांगते.

सुरुवात मालकीपासून करा, कारण घोटाळा तिथेच होतो. गावात सर्रास म्हणतात, 'फॅक्टरी विकली.' तसं लिहू नका. 16 मे 2020 ला केंद्र सरकारनं घोषणा केली, 16 जून 2021 ला मंत्रिमंडळाची मंजुरी आली आणि 1 ऑक्टोबर 2021 ला आयुधनिर्माणी मंडळ बरखास्त झालं. देशातल्या 41 निर्माणी 7 कंपन्यांत वाटल्या गेल्या. चांदा आणि भंडारा पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेल्या. अंबाझरी यंत्र इंडियात आली, तिचं मुख्यालय नागपुरातच आहे. या कंपन्या सरकारच्याच मालकीच्या आहेत.

पण कंपनी झाली की पुढे फॅक्टरी विकली जाईल ही कामगारांची भीती खोटी होती, असंही लिहू नका. ब्रिटनमध्ये काय झालं ते बघा. तिथल्या सरकारी शस्त्रकारखान्यांची 1985 च्या जानेवारीत रॉयल ऑर्डनन्स नावाची कंपनी झाली. दोनच वर्षांत, 1987 मध्ये, ती 19 कोटी पौंडांना ब्रिटिश एरोस्पेसला विकली गेली. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री रायफल लंडनजवळच्या ज्या एन्फिल्डच्या नावानं ओळखली जाते, तिथला कारखाना 1988 मध्ये बंद पडला. आज त्या जागेवर घरं उभी आहेत. आधी कंपनी, मग विक्री, मग जमीन: हा क्रम आपल्या संघटनांना माहीत होता. निर्माणींची कंपनी करण्याविरुद्धचा 2019 च्या ऑगस्टमधला देशव्यापी संप समजून घ्यायचा तर हा क्रम माहीत हवा. 'विकणार नाही' हा सरकारनं दिलेला शब्द आणि कामगारांची शंका, दोन्ही तुमच्या वहीत शेजारी शेजारी असू द्या.

आता जमीन. इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त माल इथेच मिळतो. तलाठ्याकडून सातबारा घ्या आणि त्यावरच्या फेरफार क्रमांकांवरून मागे मागे जा. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात 1954-55 चा अधिकार अभिलेख (कोणती जमीन कुणाच्या हक्काची याची नोंद) आणि गावाचं निस्तार पत्रक मागा. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, 1951 मध्ये गेली. त्यानंतर गुरं कुठे चरायची, जळण कुठून आणायचं, बैलगाडीची वाट कुठून जायची, हे गावाचे हक्क या पत्रकात उतरले. पुढे कुंपण पडलं तेव्हा नेमकी कोणती वाट बुजली, हे कळायला हा कागद फार उपयोगी पडतो. निर्माणीसाठी जमीन 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली असेल तर कलम 11 चा भरपाईचा निवाडा शोधा. निवाड्यात जमिनीसोबत विहिरींचे, घरांचे, झाडांचे पैसेही मांडलेले असतात. कुणाच्या बांधावर किती मोहाची झाडं होती ते त्यावरून कळतं आणि त्या घरातली आजी मग आपसूक बोलायला लागते. एक ध्यानात ठेवा: जिल्ह्याचं नाव चंद्रपूर झालं तरी निर्माणीचं नाव चांदाच राहिलं. जुन्या कागदांत दोन्ही नावांनी शोधा.

कंपनीकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. भरतीची वर्षं, वसाहतीतली क्वार्टर्स, शाळा, दवाखाना यांबद्दल विचारा. उत्पादनाबद्दल विचारलं तर सुरक्षेच्या कलमाखाली नकार येईल आणि तो योग्यच आहे. 1923 चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे. गेटचा फोटो काढू नका, इमारतींचे नंबर किंवा आतला नकाशा लिहू नका. सांगणारा भरात येऊन बोलून गेला तरी ते वहीत उतरू नये.

मुलाखतीत 'तिथे काय बनवायचे?' हा प्रश्नच नको. एका म्हाताऱ्या काकांनी मला पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "बाई, काय भरत होतो ते मी नाई सांगणार. किती वाजता उठत होतो ते विचारा." तेच विचारा. सायकल कितीला घेतली, गेटवर खिशातून काय काय काढून ठेवावं लागे, पीस वर्कचा, म्हणजे नगावर मिळणाऱ्या पैशांचा, हिशेब कोण लिहायचं, ओव्हरटाइमच्या पैशातून घरात पहिली वस्तू कोणती आली. घरच्या बायकांना वेगळं बसवून विचारा. भोंग्यावर भात टाकणाऱ्या त्याच होत्या.

माझे बाबा डेंजर बिल्डिंग वर्कर, म्हणजे स्फोटकांच्या इमारतीत काम करणारे कामगार होते. टीएनटी हे स्फोटक हाताळणाऱ्याच्या हाताला, केसांना पिवळी झाक चढते. आई त्यांचा टॉवेल आमच्या कपड्यांपासून वेगळा, शेवटच्या पाण्यात धुवायची. वाळल्यावरही त्याची किनार पिवळीच दिसे. कामाबद्दल बाबा अवाक्षर काढत नसत, पण त्या टॉवेलमुळे ते कशाला हात लावतात हे आम्हा भावंडांना कळलं होतं. प्रत्येक घरात असं काहीतरी असतं. ते निघेपर्यंत उठू नका.

अपघाताचा विषय पहिल्या भेटीत काढू नका. 24 जानेवारी 2025 ला भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट होऊन कामगार गेले. अशा घरी ओळखीच्या माणसाला सोबत घेऊन जा, आधी परवानगी मागा आणि नाही म्हणाले तर परत फिरा. पुलगावची 31 मे 2016 ची आग मात्र यात मिसळू नका. तो लष्कराचा दारूगोळा डेपो आहे, निर्माणी नाही.

लिहिलेलं सगळं ज्यानं सांगितलं त्याला वाचून दाखवा आणि त्याच्या दुरुस्त्या स्वीकारा.

आणि नुसत्या म्हाताऱ्यांवर थांबू नका. कंपनी झाल्यावर एओसीपी (रासायनिक प्लांट चालवण्याच्या) ट्रेडचे अप्रेंटिस डेंजर बिल्डिंगमध्ये ठरावीक मुदतीवर घेतले जाऊ लागले. बाप कायम आणि मुलगा मुदतीवर, काम मात्र तेच. या मुलांची मुलाखत आत्ताच घ्या. नेमणूकपत्रात किती वर्षं लिहिली आहेत, रजा किती, कर्ज द्यायला बँक तयार होते का आणि सोयरीक जुळवताना मुलीचे वडील आधी काय विचारतात, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.