रणात आपली गाडी घालू नका

बडोद्याहून छोट्या कच्छच्या रणात घुडखर, म्हणजे रानगाढवं, बघायला आपली गाडी खुशाल न्या. अहमदाबाद-विरमगाममार्गे रणाच्या काठचं दसाडा गाव साधारण 200 किलोमीटर. पण पुढे रणात गाडी घालू नका. वरून पापडासारखा कडक, भेगाळलेला थर दिसतो, त्याखाली चिखल असतो. आमच्या दांडिया बाजारातल्या शेजाऱ्यांचं चाक असंच रुतलं आणि ट्रॅक्टर येईपर्यंत दोन तास गेले. डब्यातले थेपले तेवढे संपले! बजाणा किंवा दसाड्याला गाडी लावा, परवाना काढा आणि तिथलीच जीप व वाटाड्या घ्या. पहाटे निघालात तर घुडखरांचे कळप सापडतात, थंडीत फ्लेमिंगोही. पावसाळ्यात रण पाण्याखाली असतं, अभयारण्य बंद. वाटेत अगरियांची, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांची, मिठाची आगरं लागतील. वाफ्यांत पाय घालू नका, ती त्यांची रोजीरोटी आहे.

येताना मोढेऱ्याचं सूर्यमंदिर आणि पाटणची राणी की वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, करा. वाव 2014 पासून जागतिक वारसा आहे. पायऱ्या भरपूर, गुडघे बघून उतरा.

घरी आल्यावर गाडी खालून धुवून घ्याच. खारी धूळ पत्रा खाते.