आधी बिल्ड फसू द्या, मग बोर्ड घ्या

पुण्यात एम्बेडेड (यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचं काम) शिकायचं ठरवलेला मुलगा सगळ्यात आधी तपकीर गल्लीत जातो. मीही गेलो होतो. बार्शीहून येऊन तीन महिने झाले होते, खिशात घरून आलेले साडेचार हजार होते आणि बुधवार पेठेतली ती दुकानं, त्यांतले बोर्ड, सेन्सर, जंपर वायरींचे गुच्छ बघून डोकं ठिकाणावर राहिलं नाही. दोन बोर्ड घेतले. एलईडी लुकलुकवला. आठवड्याने दुसरा एलईडी लुकलुकवला. पुढे काय करायचं ते सुचेना, आणि दोन्ही बोर्ड बुटांच्या खोक्यात जाऊन पडले.

आज सहा वर्षं मी लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या पेट्यांचं फर्मवेअर, म्हणजे त्यांच्या आत बसवलेलं सॉफ्टवेअर, बनवायचं काम करतोय. कॉलेजातली पोरं भेटली की पहिला प्रश्न तोच असतो, "दादा, कोणता बोर्ड घेऊ?" माझं उत्तर ऐकून त्यांचं तोंड पडतं, कारण मी सांगतो की कुठलाच नको. टेबलाखाली जो डेस्कटॉप धूळ खात पडलाय तो पुसून घे. या कामातला निम्म्याहून जास्त वेळ त्या डेस्कटॉपसमोर, मूळ कोडपासून (सोर्सपासून) फर्मवेअर तयार करण्यात, म्हणजे बिल्ड करण्यात जातो. बोर्ड शेवटच्या दहा मिनिटांसाठी लागतो.

माझा डेस्कटॉप एका ऑफिसने काढून टाकलेला होता. चार कोर, ८ जीबी रॅम आणि घरघर करणारी हार्ड डिस्क. नारायण पेठेतल्या खोलीत तो ठेवला, त्यावर उबुंटू टाकलं आणि ओपनडब्ल्यूआरटी या राऊटरसाठीच्या खुल्या लिनक्स फर्मवेअरचा सोर्स उतरवून घेतला.

ओपनडब्ल्यूआरटीच का, ते सांगतो. २००२ च्या अखेरीस लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राऊटर बाजारात आला. आत लिनक्स आहे हे जाणकारांनी ओळखलं, आणि लिनक्सच्या जीपीएल या खुल्या परवान्याच्या अटींमुळे कंपनीला २००३ मध्ये त्याचा सोर्स खुला करावा लागला. त्यावरच २००४ मध्ये हा प्रकल्प उभा राहिला. नावातलं डब्ल्यूआरटी तिथलंच. (त्यांच्या जुन्या आवृत्त्यांना कॉकटेलची नावं असायची. व्हाइट रशियन वगैरे. हे मी घरी कधी बोललो नाही.) नवशिक्याला याचा फायदा असा की कंपायलर (कोड प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) बनवण्यापासून ते राऊटरवर टाकायच्या फाइलपर्यंत अख्खी साखळी एकाच फोल्डरमध्ये डोळ्यांसमोर घडते.

आज्ञा फार नाहीत. मी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीतच टाइप करायच्या. आधी फीड्स (जादा पॅकेजांच्या याद्या) अपडेट आणि इन्स्टॉल करायचे, मग 'मेक मेन्यूकॉन्फिग'. निळा पडदा येतो, त्यात आपलं यंत्र निवडायचं. मग 'मेक डाउनलोड', आणि शेवटी नुसतं 'मेक'. संपलं. पहिल्या दिवशी मला हे इतकं सोपं वाटलं की रात्री मेसवरून येईपर्यंत फर्मवेअर तयार असेल असं मी रूममेटला सांगून गेलो. तयार व्हायला अकरा दिवस लागले.

पहिला दगड: फोल्डरचं नाव. मी नाव दिलं होतं 'फायनल इयर', मधे एक मोकळी जागा. 'मेक' हे जुनं आणि हट्टी अवजार आहे, मोकळी जागा दिसली की ते एका नावाची दोन नावं करतं. नावात जागा नको, मराठी अक्षरं नकोत, कंस नकोत. विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) वापरून बिल्ड करणाऱ्यांना हीच ठेच वेगळ्या वाटेने लागते. तिथे विंडोजचे सगळे पाथ आपोआप आत शिरतात आणि त्यांत 'प्रोग्राम फाइल्स' असतंच.

दुसरा दगड माझ्या काटकसरीचा. लिनक्सच्या पार्टिशनवर जागा कमी होती म्हणून सोर्स विंडोजसाठीच्या फॅट३२ पार्टिशनवर ठेवला. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, अशा काही फाइलींच्या जोड्या आहेत की नाव तेच, फक्त एकात कॅपिटल अक्षरं आणि दुसरीत स्मॉल. नेटवर्कचा माल गाळणाऱ्या नेटफिल्टरच्या फोल्डरमध्ये टीसीपीएमएसएसच्या अशाच दोन फाइली आहेत आणि दोन्हींचं काम निराळं आहे. कॅपिटल-स्मॉलचा फरक न पाळणाऱ्या डिस्कवर यातली एक दुसरीला गिळते. म्हणून ओपनडब्ल्यूआरटी अशी डिस्क सुरुवातीलाच नाकारतं. पंधरा-वीस जीबी मोकळी जागा लिनक्सच्याच पार्टिशनवर काढा, त्याला दुसरा उपाय नाही.

तिसऱ्यांदा मी 'सुडो' लावून, म्हणजे सर्वाधिकारी 'रूट' युजर होऊन, बिल्ड चालवला. परवानगी नाही म्हणतोय ना, मग घे परवानगी! तर त्यातल्या एका पॅकेजने सरळ सांगितलं की रूट होऊन कॉन्फिगर चालवू नका. तोवर शेकडो फाइली रूटच्या मालकीच्या झाल्या होत्या, त्यामुळे साध्या युजरने पुन्हा चालवलं तरी अडणारच होतं. सगळं पुसून पुन्हा उतरवलं. दिवसाला दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर.

त्या पॅकला वैतागून मी कॉलेजच्या वायफायवर 'मेक डाउनलोड' चालवलं, तेव्हा नवीनच गंमत झाली. काही फाइली उतरल्या, पण हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळत नाही म्हणून नाकारल्या गेल्या. त्यातली एक हाताने उतरवून आकार बघितला तर जेमतेम काही केबी. 'फाइल' ही आज्ञा लावून बघितलं, तर टारच्या (फाइलींच्या गठ्ठ्याच्या) जागी एचटीएमएल, म्हणजे वेबपेज. उघडल्यावर आत कॉलेजचं लॉगिनचं पान! वायफायचं सेशन मधेच संपलं होतं आणि प्रत्येक पॅकेजच्या नावाने तेच पान उतरत होतं. हॅश तपासण्याची कटकट का असते, हे मला त्या दिवशी कळलं.

आता मुद्द्याचं. बिल्ड सुरू झाला की पहिला तासभर तुमच्या राऊटरचं काहीच होत नाही. मला वाटलं काहीतरी बिनसलं. खरी गोष्ट अशी की तुमचा डेस्कटॉप इंटेल किंवा एएमडीचा असतो, आणि माझ्या जुन्या राऊटरमधला प्रोसेसर मिप्स नावाच्या वेगळ्याच जातीचा. इथला कंपायलर इथल्याच प्रोसेसरची भाषा बोलतो. म्हणून आधी असा कंपायलर बनवावा लागतो जो चालेल इथे, पण कोड बनवेल तिथला. बिनयुटिल्स (तुकडे जोडणारी अवजारं), जीसीसी हा कंपायलर, मसल नावाची छोटी सी लायब्ररी, आणि जीसीसी पुन्हा एकदा, कारण पहिल्या फेरीत लायब्ररी नसल्यामुळे तो अर्धवटच बनलेला असतो. याला टूलचेन म्हणतात, आणि हे सगळं क्रॉस कंपायलिंग. तयार झालेला एखादा प्रोग्राम डेस्कटॉपवर चालवून बघा, 'एक्झेक फॉरमॅट एरर' येईल. तो आला तर खूश व्हा, सगळं बरोबर चाललंय.

बिल्ड करताना तयार होणाऱ्या फोल्डरांपैकी 'बिल्ड_डीआयआर' हे स्वयंपाकघर, तिथे सोर्स सोलून चिरून शिजतो. 'स्टेजिंग_डीआयआर' म्हणजे ओटा. एका पॅकेजने बनवलेल्या लायब्ररी आणि हेडर फाइली तिथे मांडून ठेवलेल्या असतात, पुढचं पॅकेज त्यातून उचलतं. 'बिन' म्हणजे वाढलेलं ताट. हा फरक डोक्यात बसला की 'हेडर फाइल सापडत नाही' हा एरर वाचल्यावर कुठे शोधायचं ते कळतं. ओट्यावर नाही, म्हणजे आधीच्या पॅकेजने मांडलंच नाही.

आणि एरर वाचायचा कसा, हे मला कुणी सांगितलं असतं तर अकरातले निदान सहा दिवस वाचले असते. पडद्यावरची शेवटची ओळ काही कामाची नसते. ती फक्त 'मेक फसलं' एवढंच सांगते, आणि नवशिका तीच ओळ कॉपी करून इंटरनेटवर शोधत बसतो. वेळ वाचवायला 'मेक -जे४' लावलं की चार कोरवर चार कामं एकदम चालू असतात, त्यामुळे त्यांचे निरोपही एकमेकांत मिसळतात. आधी 'मेक -जे१ व्ही=एस' चालवा. एका वेळी एकच काम आणि प्रत्येक ओळ पडद्यावर. मग खालून वर जा आणि पहिला एरर गाठा. एकदा माझा पहिला एरर होता 'सीसी१प्लस' (जीसीसीचाच एक भाग) मारला गेल्याचा. कोडमध्ये काहीच चूक नव्हती. मी हौसेने आठ कामं एकदम लावली होती, रॅम संपली आणि कर्नलने सगळ्यात जास्त खाणाऱ्याचा बळी घेतला. चारवर आणलं, गाडी पुढे गेली.

हार्ड डिस्कवर पूर्ण बिल्डला माझ्याकडे पाच तास लागायचे. म्हणून रात्री लावून झोपायचो. घरमालकीण काकू खालीच राहायच्या.

"रात्रभर काय रे घोंघावतं तुझ्या खोलीत?"

"काकू, कॉम्प्युटर. प्रोजेक्ट आहे."

"प्रोजेक्ट झोपत नाही का? या महिन्याचं लाइट बिल तू बघ."

बघितलं, दीडशे रुपये जास्त दिले. पुढे जुनी एसएसडी टाकली, फरक पडला. आणि पुण्याच्या गुरुवारचा हिशोब ठेवायला शिकलो. दुरुस्तीसाठी सकाळी वीज गेली ती दुपारीच येते, त्यामुळे बुधवारी रात्री उशिरा मोठा बिल्ड लावायचा नाही. वीज गेल्यावर अर्धवट लिहिलेली ऑब्जेक्ट फाइल मागे राहते, 'मेक'ला ती झालेली वाटते, आणि शेवटी लिंक करताना चमत्कारिक एरर येतो. अशा वेळी ते एकच पॅकेज क्लीन करून पुन्हा बनवायचं. सगळं पुसायची गरज नसते.

अकराव्या दिवशी बिल्ड कुठेही न अडता संपला. 'बिन' उघडलं, तर माझ्या राऊटरची फाइलच नाही! इथे बरेच जण हात टेकतात. माझ्या राऊटरची फ्लॅश (फर्मवेअर साठवायची मेमरी) होती ४ एमबी आणि रॅम ३२ एमबी, जे आजच्या आवृत्त्यांना पुरतच नाही. मी वर हौसेने वेब इंटरफेस आणि चार पॅकेजं घातलेली. इमेज (राऊटरवर टाकायची फाइल) मापात बसली नाही की 'फार मोठी आहे' एवढी एक ओळ लॉगमध्ये लिहिली जाते, फाइल काढून टाकली जाते आणि बिल्ड पुढे जातो. मेन्यूमध्ये अजून एक फसवणूक आहे. पॅकेजपुढे तारा आला तर ते फर्मवेअरमध्ये जातं, पण 'एम' आला तर ते नुसतं वेगळं बनून बाजूला पडतं. 'निवडलं होतं, मग राऊटरवर दिसत का नाही?' याचं उत्तर दहातल्या आठ वेळा तो 'एम' असतो.

तो राऊटर जुन्या बाजारातला होता. मंगळवार पेठेतला, बुधवार-रविवारी भरतो तो. अडीचशे रुपये. पुढे तिथूनच दुसरा मोठ्या फ्लॅशचा आणला आणि त्याचा बळी मी स्वतःच्या हाताने घेतला. मॉडेल तेच, पण तळाच्या स्टिकरवर हार्डवेअर व्हर्जन दोन होतं, मी इमेज टाकली व्हर्जन तीनची. दिवे एकदा लागले आणि गेले. तेव्हा एवढं लक्षात ठेवा: मूळ कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा येताना 'फॅक्टरी' इमेज, ओपनडब्ल्यूआरटीवरून पुढे जाताना 'सिसअपग्रेड', आणि व्हर्जन कायम स्टिकरवरूनच वाचायचं.

त्याला जिवंत केलं ते यूएसबी-टीटीएल सिरियल अडॅप्टरने. राऊटरच्या आतल्या पिनांना जोडला की त्याचे निरोप डेस्कटॉपवर दिसतात. बोर्डपेक्षा हा आधी घ्या. ३.३ व्होल्टचा मागा, ५ व्होल्टने पिना जळू शकतात. ग्राउंडला ग्राउंड, इकडचा टीएक्स (पाठवणारी पिन) तिकडच्या आरएक्सला (घेणारी पिन), आणि व्हीसीसीची, म्हणजे विजेची वायर जोडायचीच नाही. बहुतेक राऊटर ११५२०० वेगाने बोलतात. वेग चुकला तर पडद्यावर कचरा दिसतो, घाबरू नका. बूटलोडर (चालू होताना सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्राम) शाबूत असेल तर तिथे थांबवून टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) नवी इमेज चढवता येते. बूटलोडरच पुसलात तर मात्र फ्लॅश चिप प्रोग्रामर लावून लिहावी लागते, आणि ते पहिल्या वर्षात नको.

हे सगळं करायला हातात राऊटरसुद्धा नसला तरी चालतं. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये 'माल्टा' नावाचं टार्गेट आहे, ते क्यूईएमयूमध्ये (दुसऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) डेस्कटॉपवरच बूट होतं. मिप्सचं मशीन, पैसा खर्च न करता. मी हे फार उशिरा शोधलं.

पहिल्या मुलाखतीत, हिंजवडीत, समोरच्या मॅडमनी माझ्या मार्कांकडे बघितलंही नाही. "शेवटचा बिल्ड कशामुळे फसला होता?" एवढंच विचारलं. मी लॉगिनच्या पानाची गोष्ट सांगितली. त्या हसल्या आणि मग वीस मिनिटं स्टेजिंग फोल्डरवरच बोलत राहिलो. नोकरी तिथे मिळाली नाही, सी मधल्या पॉइंटरच्या प्रश्नांत आडवा झालो. ती तयारी वेगळी करावी लागते, बिल्ड करून पॉइंटर येत नाहीत.

सीडॅक या सरकारी संस्थेचा एम्बेडेडचा डिप्लोमा करावा का, हेही खूप जण विचारतात. सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, अभ्यासक्रम सहा महिन्यांचा आणि पूर्णवेळ असतो. शिस्त लागते, प्लेसमेंटची दारं उघडतात. माझं मत, जमत असेल तर करा, पण जाण्याआधी घरी दोन-तीन बिल्ड फसवून जा, म्हणजे तिथे विचारायला प्रश्न असतील. ओपनडब्ल्यूआरटीनंतर बिल्डरूट घ्या, तेही फर्मवेअर बनवायचंच साधन आहे, आणि आटोपशीर आहे. योक्टो या त्याच जातीच्या मोठ्या साधनाला त्यानंतर हात लावा. पुण्यातल्या गाड्यांच्या क्षेत्रातल्या कंपन्यांत तो बराच मागतात हे खरं, पण १६ जीबी रॅम, एसएसडी आणि शंभर-दीडशे जीबी मोकळी जागा नसेल तर तो डेस्कटॉपला आणि तुम्हाला दोघांनाही रडवेल.

तो मेलेला आणि पुन्हा उठलेला राऊटर अजून काकूंच्या हॉलमध्ये चालू आहे. मधे एकदा त्यांचा फोन आला होता, गुरुवारी लाइट आल्यावर नेट यायला दोन मिनिटं का लागतात म्हणून.