ट्रकमध्ये डिझेल भरण्यापूर्वी घनता तपासून घ्या
गळीत हंगामात पेठ नाका ते कराड या पट्ट्यात उसाचे ट्रक रात्रंदिवस धावतात आणि नेहमीचा पंप सोडून मिळेल तेथे डिझेल भरावे लागते, तेव्हा ते शुद्ध आहे की नाही हे नुसत्या रंगावरून किंवा वासावरून कळत नाही.

१. पंपाच्या फलकावर लिहिलेली त्या दिवसाची घनता प्रथम वाचावी. बीएस-६ (भारत स्टेज-६ या प्रदूषण मानकाच्या) डिझेलची घनता १५ अंश सेल्सिअसला ८१० ते ८४५ किलो प्रति घनमीटर असते.

२. शंका वाटल्यास काचेच्या उभ्या भांड्यात नमुना घेऊन हायड्रोमीटर (द्रवात तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी) व थर्मामीटरने मोजून दाखवण्यास सांगावे. हा ग्राहकाचा हक्क आहे, त्यामुळे संकोच करू नये. हायड्रोमीटर भांड्याच्या कडेला टेकलेला नसताना डोळा द्रवाच्या पातळीत आणूनच आकडा वाचावा.

३. मोजलेल्या तापमानाचा तो आकडा पंपावरील रूपांतर तक्त्यावरून १५ अंशांच्या घनतेत बदलून घ्यावा. फलकावरील आकड्याशी ३ पेक्षा जास्त फरक आल्यास तेथे डिझेल भरू नये.

तापमान न मोजता काढलेला आकडा मात्र निरुपयोगी असतो, कारण ३५ अंशांच्या उन्हात चांगल्या डिझेलची घनताही सुमारे १४ ने कमी दिसते आणि निष्कारण वाद होतो. रस्त्याकडेला कॅनमधून ‘बायोडिझेल’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या मालाची तर तपासणीही करत बसू नये. लिटरमागे वाचणाऱ्या चार पैशांपेक्षा इंजेक्टरची (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाची) दुरुस्ती कितीतरी महाग पडते.